कंपनी जागेवर असल्याचा दाखला

आमच्या जोयडा तालुक्यात दाखल्याशिवाय पान हलत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राहत्या जागेचा दाखला, आणि एवढं सगळं गोळा करून माणूस मेला की मेल्याचा दाखला. मी लग्न होऊन रामनगरात आले ती खानापूरच्या कॉलेजातली बी.कॉम.ची पदवी घेऊन. नवऱ्याच्या किराणा दुकानात बसून साबण विकता विकता निम्म्या गावाचे अर्ज मीच भरून दिले. त्यामुळे दाखल्यांची मला भीती नव्हती. उलट थोडा माजच होता म्हणा ना. तो उतरवायला एक वेगळाच दाखला माझी वाट बघत होता, आणि तो माणसाचा नव्हता, कंपनीचा होता.

कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यासमोर आणू नका. आमची कंपनी म्हणजे गुंद गावाच्या बाजूच्या आठ-दहा वाड्यांतल्या बायका, त्यांची कोकमं आणि जमिनीतून उकरून काढलेली मुडली आणि कणगी, म्हणजे कंदमुळं. आणि कंपनीची कचेरी म्हणजे अक्काच्या घराची पडवी. अक्का आमची अध्यक्ष, लिहिणं-वाचणं माझ्याकडे. कानडीत अक्का म्हणजे मोठी बहीण, आणि मला ती तंगी म्हणायची, धाकटी बहीण. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, आवाज असा की पलीकडच्या वाडीतल्या गाईसुद्धा कान टवकारायच्या. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणायची. तो माणूस एवढा गरीब की पडवीत मीटिंग भरली की स्वतःच्या घरात दारातून आत यायलाही लाजायचा, मागून गोठ्याकडून यायचा.

कंपनी काढायचं डोकं अक्काचंच. दर उन्हाळ्यात व्यापाऱ्याचा टेंपो यायचा आणि वाडी-वाडीला थांबून बायकांकडून आमसुलं उचलायचा. पहिल्या वाडीला सांगायचा, पुढची वाडी स्वस्तात देते. पुढच्या वाडीला सांगायचा, मागची देते. अक्का एकदा म्हणाली, “तंगी, ह्यो एकेकीला धरून भाव पाडतोय. समद्या जणी मिळून एका दारातनं माल दिला की कसा पाडतोय बघूया की.” मग नोंदणी झाली, रंगाऱ्याकडून पत्र्याचा बोर्ड आला, कानडीत मोठा आणि मराठीत खाली लहान, आणि तो पडवीच्या खांबाला ठोकला गेला. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी गोव्याचा एक मोठा खरेदीदार स्वतः गाडी घेऊन आला, अक्काच्या हातचं कोकम सार प्यायला आणि म्हणाला, सगळा माल मी घेतो, दरवर्षी घेतो. फक्त कंपनी कायद्याने नीट आहे, असा सरकारी दाखला द्या.

म्हणजे काय, तर कंपनी जिवंत आहे, तिचे कागद वेळेवर जातात आणि सांगितलेल्या पत्त्यावर ती खरोखर बसते, एवढं सरकारने लिहून द्यायचं. अक्का हसली. “बसती की. रोज बसती. मीच तर बसलेली असते.”

ती कार्तिकात गेली. सकाळी उठून चूल पेटवायला बसली आणि चुलीपुढेच कलंडली. आजार नाही, कण्हणं नाही. मी दुकान टाकून गेले तेव्हा दाजी अंगणात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता, “चा ठेवायला उठली व्हती.”

भटजींनी पंचांग उघडलं आणि मान हलवली. वाईट नक्षत्रावर मरण आलं होतं, पंचक लागलं होतं. आमच्याकडे ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको, पण बाहेरच्या लोकांसाठी सांगते. अशा नक्षत्रावर ज्या घरात मरण येतं ते घर सोडायचं. कुठल्या नक्षत्राला किती महिने, ते ठरलेलं असतं. दाराला कुलूप, कुलपावर काट्यांची फांदी, आणि आतली वस्तू बाहेर न्यायची नाही, कारण दोष वस्तूला धरून येतो. मुदत भरली की शांत करायची, मगच दार उघडायचं. आधी उघडलं तर त्या घरातलं आणखी एक माणूस जातं म्हणतात. अक्काच्या घराला सहा महिने सांगितले.

दिवसकार्य उरकलं तसा दाजी, त्याचा मुलगा आणि पोटुशी सून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि दाजीच्या भावाच्या घरी शेजारच्या वाडीत राहायला गेली. साठवणीचं भात तिथंच राहिलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले तर दारावर करवंदीची काटेरी फांदी आडवी. आत कंपनीचं कपाट, शिक्का, ठरावाची वही, आणि अक्काच्या डिजिटल सहीचं टोकन, ज्याच्याशिवाय संगणकावरून एक कागदही पुढे जात नाही. बाहेर खांबाला बोर्ड. मी त्या फांदीकडे बघत राहिले. त्या वेळी मला अक्का गेल्याचंच एवढं लागलं होतं की कंपनी आत कोंडली गेली हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

पुढे झालं ते असं. कंपन्यांची नोंद ठेवणारी कचेरी बेंगळुरूला आहे. त्यांनी त्या वर्षी लहान कंपन्यांचे पत्ते तपासायला काढले होते. आमच्या पत्त्यावर पत्र आलं. आमचा पोस्टमन गावचाच. तो बंद घराच्या अंगणात पाऊल टाकणार नाही. त्याने पत्र दाजीच्या भावाच्या दारात नेलं, तर भावजय उंबऱ्यावरूनच म्हणाली, “त्या घराच्या नावाचं काय आमच्या दारात नको, अण्णा. पोरगी पोटाशी हाय.” तो तरी काय करणार, त्याने दार बंद असा शेरा मारून पत्र परत पाठवलं. दुसरं आलं, तेही परत गेलं.

मग त्या कचेरीचा माणूस तपासणीला आला. उळवीच्या जत्रेचे दिवस होते, रस्ताभर बैलगाड्या, धूळ आणि भंडारा, आणि त्या गर्दीतून वाट काढत तो बिचारा भाड्याच्या जीपने तिथवर पोचला. अंगणात गवत गुडघ्याएवढं. दाराला कुलूप, कुलपावर काटे. त्याने फोटो काढला आणि वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, हे केव्हापासून बंद? म्हातारा जे खरं ते बोलला. “कार्तिकापासनं. अजून बरंच दीस कोण उघडायचं न्हाई.” त्याने तेच लिहून नेलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

हे सगळं मला कळलं ते बेळगावात, आमच्या कंपनीचे कागद बघणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात. मी गेले होते गोव्यासाठी दाखला काढायला. कपाट बंद असलं तरी संगणकावरून छापून मिळेल अशा समजात. साहेबांनी संगणक उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या नावापुढे लाल अक्षरं होती.

“बाई, तुमची कंपनी पत्त्यावर नाही असं म्हणतायत हो. नाव काढून टाकायची नोटीस लागलीय.”

“पत्त्यावरच आहे,” मी म्हणाले, “फक्त कुलपात आहे.”

त्यांनी उपाय सांगितला, आणि ऐकायला तो अगदी सोपा होता. दार उघडं असलेला फोटो पाहिजे. बोर्ड दिसला पाहिजे. आत एक संचालक बसलेला दिसला पाहिजे. अक्काच्या जागी दुसरी अध्यक्ष नेमल्याचा ठराव, वहीतला, शिक्क्यासह. हे सगळं नोटिशीची मुदत संपायच्या आत. मुदत चैत्रात संपत होती. घर उघडणार होतं वैशाखात.

मी म्हटलं, मग पत्ता बदलू. माझ्या घरचा देऊ. साहेब म्हणाले, नोटीस लागलेल्या कंपनीला पत्ता बदलता येत नाही, आधी आहे त्या पत्त्यावर असल्याचं दाखवा, मग बदला. म्हणजे दार उघडायला किल्ली पाहिजे, आणि किल्ली दाराच्या आत. मला हसू आलं आणि लगेच राग आला. खोट्या कंपन्या काढून लोकांना बुडवणारे खुशाल फिरतात, आणि इथे चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेब म्हणाले, “रागावून काय होतंय? दार उघडा की.”

दार उघडा. बेळगावात बसून म्हणायला काय जातं.

मी दाजीकडे गेले. भावाच्या ओसरीवर तो दोरी वळत बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं. फोटोपुरतं दार उघडायचं, एवढंच, नंतर परत फांदी लावायची. मी तर म्हणाले, मी एकटी आत जाते, जो काय दोष आहे तो माझ्या अंगावर घेते. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आणि हे मी त्या दिवशी जरा जोरातच बोलले.

दाजी दोरी वळायची थांबला नाही. “तुझ्या अंगावर येत न्हाई ते, बाई. घरच्यांवर येतंय.”

तेवढ्यात सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सातवा महिना असावा. एका हाताने पोट सावरत ती खाली वाकली, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिने आतून सगळं ऐकलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी पाणी प्यायले. बी.कॉम. झालेली, कशावर विश्वास नसलेली बाई मी, पण त्या मुलीच्या तोंडावर माझ्याच्याने ते वाक्य पुन्हा बोलवेना. उद्या काही बरं-वाईट झालं असतं तर डॉक्टरांनी हजार कारणं दिली असती, पण त्या घरात एकच कारण राहिलं असतं, आणि ते मी.

बाकीच्या संचालक बायकांनाही मी विचारलं. त्यांतल्या एकीने मला उलट विचारलं, “तुज्या घरात आसं झालं आसतं तर तू उघडलं आसतंस व्हय?” मी हो म्हणाले. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

राहिला बेंगळुरूचा रस्ता. जाऊन प्रत्यक्ष सांगू, माणसं आहेत, ऐकतील, असं मला वाटलं. दाजी म्हणाला, मीही येतो. त्याने बरोबर पिशवीभर मुडली घेतली, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही. कचेरीच्या दारात पहारेकऱ्याने ती पिशवी उघडून बघितली, कंदमुळांची माती त्याच्या हाताला लागली, आणि पिशवी बाहेरच ठेवायला सांगितली. दाजी वर आला खरा, पण सारखा खिडकीतून खाली बघत होता.

अधिकारी तरणा होता आणि बोलायला चांगला. आम्ही कानडीतच बोललो. मी पंचकाचं सांगायला सुरुवात केली तसा त्याने मला हाताने थांबवलं. म्हणाला, समजावू नका, मला ठाऊक आहे. आमच्या आजीच्या वेळी आम्हीही घर सोडलं होतं. मी शाळेत होतो, माझी पुस्तकं आत राहिली होती.

माझा जीव एवढा हलका झाला की मी खुर्चीत मागे टेकून बसले. “मग तसंच लिहा की,” मी म्हणाले.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. या लोकांना स्क्रीन वळवायची फार हौस. पत्त्यावर कंपनी न सापडण्याची कारणं तिथे आधीच छापलेली होती आणि त्यांतलं एक निवडायचं होतं. जागा बदलली, भाडेकरार संपला, मालकाशी वाद, नैसर्गिक आपत्ती. तो म्हणाला, “तुम्हीच सांगा, कुठे बसवू?” त्याने ते कुत्सितपणे विचारलं नाही. त्याला खरोखरच जागा सापडत नव्हती. नैसर्गिक आपत्तीपाशी तो जरा रेंगाळला. मग म्हणाला, याला तहसीलदारांचं पत्र लागेल, पूर आला, दरड कोसळली, असं काहीतरी लिहिलेलं.

दाजी खिडकीपासून मागे वळला. तो म्हणाला, “साहेब, बायको गेली की माजी.”

अधिकाऱ्याने मान खाली घातली. नंतर तो उठला, आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला, आणि दाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, घर मात्र मुदतीआधी उघडू नका. म्हणजे बघा. मला त्याचा इतका राग आला, आणि त्याच्यावर रागवावं असं त्याने काहीच केलेलं नव्हतं. खाली पिशवी जागच्या जागी होती. ती आम्ही तशीच परत आणली.

तहसीलदार कचेरीतही जाऊन आले. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, आपत्तीच्या वहीवरून हात फिरवला आणि म्हणाला, बाई, नक्षत्र कोसळलं असं कसं लिहू? सगळे हसले. मीही हसले. आणि बसस्टँडवर येऊन, लोकांच्या देखत, पदर तोंडाला लावून रडले. मी अशी रडणारी नव्हे. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्या दिवशी मला कळून चुकलं होतं. प्रत्येक जण बरोबर होता. दाजी बरोबर, पोस्टमन बरोबर, तो फोटो काढणारा बरोबर. सगळे बरोबर असले की भांडायचं कुणाशी?

चैत्रात मुदत संपली. गोव्याच्या खरेदीदाराचा फोन आला, चार गोड शब्द बोलला आणि दुसरीकडून माल घेतो म्हणाला. पुढे थोड्याच दिवसांत बेळगावच्या साहेबांनी एक कागद छापून माझ्या हातात दिला. कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं आहे, असा. सही, शिक्का, सगळं रीतसर. एवढी वणवण केली तेव्हा कुठे सरकारने आमच्या कंपनीबद्दल लेखी दिलं, ते हे. पुन्हा उठवायची असेल तर वर न्यायाधिकरणात जायचं, वकील घालायचा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि तो विषय स्वतःच सोडून दिला.

त्याच सुमारास सून बाळंत झाली. मुलगा झाला, दोघं सुखरूप. मी बारशाला गेले ती मनातून धुमसत. पोर रडत होतं, आवाज अगदी अक्काचा. कुणीतरी ते माझ्या मांडीवर दिलं. त्याच्याकडे रागाने बघायचं मी ठरवून गेले होते, पण ते काही मला जमलं नाही.

वैशाखात शांत झाली आणि घर उघडलं. मीही होते. दाजीने करवंदीची फांदी ओढून काढली, त्याच्या तळहाताला काटे लागले, त्याने धोतराला हात पुसला आणि कुलूप काढलं. आत उंदरांनी भात सांडून ठेवलं होतं, बाकी सगळं होतं तसंच. कपाट, शिक्का, वही. सहीचं टोकन खणात, अक्काच्या चष्म्याशेजारी. चुलीपुढे काटक्या अजून रचलेल्या होत्या.

संचालक बायका चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. त्या पडवीत जाऊन ओळीने बसल्या, दार सताड उघडं ठेवून, बोर्ड दिसेल अशा बेताने. एकीने मला हाक मारली. “काढ की फोटो. त्यास्नी पायजे व्हता न्हवं?”

मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. कागद वाचून दाखवला होता. मी दाजीकडे बघितलं.

“ठाव हाय समद्यांस्नी,” तो म्हणाला. “तरीबी काढ.”

मी काढला. कुणालाही पाठवायचा नव्हता, पण नीट आला आहे ना, हे मी दोनदा बघितलं. दाजीने माझ्याकडून तो बेळगावचा कागद मागून घेतला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीत आधीपासून पंचायतीचा एक कागद होता, अक्काच्या मरणाचा दाखला. तो मात्र पहिल्याच फेरीत मिळाला होता.

त्याला आता वर्ष झालं. यंदा कोकमं चांगली धरली. परवा मी तिकडे गेले होते, कुणाचा तरी उत्पन्नाचा अर्ज भरायला. अक्काच्या अंगणात सून आमसुलं वाळवत होती, पोर ओसरीत रांगत होतं. सुपं, चटया, जुनी साडी, जे मिळेल त्यावर तिने सालं पसरली होती, आणि मधोमध आमचा बोर्ड होता. खांबावरून उतरवून उताणा टाकलेला. पत्रा लवकर तापतो, त्यावर आमसुलं चांगली वाळतात, असं ती मला सांगत होती. सालांच्या मधून कानडी अक्षरं दिसत होती. नाव काढलेल्या कंपनीने बोर्ड लावायचा नसतो, हा नियम तिला मीच सांगितला होता.

खालच्या वळणावर टेंपोचा हॉर्न वाजला. व्यापारी मागच्या वाडीपर्यंत आला होता. सून म्हणाली, “मावशे, मागली वाडी काय भावानं देती कुणाला ठाव.” ऊन कलायला लागलं होतं, म्हणून मी खाली बसले आणि बोर्डावरची सालं एकेक करून उलटी केली.